भूत काढणाऱ्या धर्मगुरूचा पहिला नियम



एरवी मी तुम्हांला खत, बियाणे आणि कीडरोग यांविषयी सांगत असतो. आज भूत काढण्याविषयी सांगणार आहे. शेतकी खात्याच्या माणसाने हा विषय कशाला काढावा, असे तुम्हांला वाटेल. लेख शेवटपर्यंत वाचा, म्हणजे हाही विषय शेताच्या बांधावरचाच आहे हे तुमच्या ध्यानात येईल.

धारणी तालुक्यातल्या एका गावची गोष्ट. भाद्रपदाचे दिवस होते. मी सोयाबीनच्या पाहणीला गेलो होतो. दुपारी गावात शिरलो तर एका घरापुढे ही गर्दी! बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा बाजेवर पडला होता. तोंडातून लाळ गळत होती, अंग घामाने निथळत होते, दंडाचे स्नायू थडथड उडत होते. बोलला तर असंबद्ध बोले. बाप म्हणाला, "साहेब, याले दवाखाना लागू पडत नाही. नाल्याजवळच्या वावरात भर दुपारी एकटा होता. याले बाहेरचं लागलं."

पडिहाराला बोलावणे गेले होते. पोराची सासुरवाडी ख्रिस्ती. त्या मंडळींनी आपल्या पास्टरांना निरोप धाडला होता. दोघांपैकी पास्टर आधी पोचले. लोकांना वाटले, आता हे डोक्यावर हात ठेवून भूत हाकलणार. पास्टर खाली वाकले, पोराचा सदरा हुंगला, डोळ्यांत पाहिले आणि उभे राहून म्हणाले, "गाडी आणा. प्रार्थना मी गाडीत बसून करीन."

सदऱ्याला औषधाचा वास येत होता. पोरगा सकाळपासून फवारणी करत होता, तीही उघड्या अंगाने आणि वाऱ्याच्या तोंडावर. मी वावरातून औषधाची बाटली शोधून आणली आणि ती घेऊनच आम्ही धारणीचे उपजिल्हा रुग्णालय गाठले. पोरगा वाचला.

परतताना मी पास्टरांना विचारले, "तुमच्या धर्मात तर भूत काढतात ना? मग तुम्ही आधी दवाखाना का धरला?" ते म्हणाले, "साहेब, भूत काढणाऱ्याने आधी आजार ओळखावा, हाच आमच्याकडचा पहिला नियम." तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचत गेलो. त्यातले जे तुमच्या उपयोगाचे आहे ते पुढे देतो.

चर्चमध्ये काय करतात?

येशूने भूतबाधा झालेल्यांना बरे केल्याच्या कथा बायबलमध्ये आहेत. त्यांतल्या एका कथेत एक बाप आपल्या मुलाला घेऊन येतो. तो मुलगा एकाएकी खाली पडतो, तोंडाला फेस आणतो, दात खातो, कधी विस्तवात तर कधी पाण्यात पडतो. ही लक्षणे वाचून आजचा कोणताही डॉक्टर फेफरे म्हणजे मिरगी असे नाव घेईल. मत्तयाच्या मराठी शुभवर्तमानातही या मुलाला फेफरेकरीच म्हटले आहे.

या कथांच्या आधारावर ख्रिस्ती धर्मात भूत काढण्याची प्रार्थना चालत आली. रोमन कॅथलिक चर्चने १६१४ साली तिचे विधिपुस्तक काढले. त्यात धर्मगुरूला आरंभीच बजावले आहे की, एखाद्याला भूत लागले आहे यावर चटकन विश्वास ठेवू नकोस. रोग्याला स्वतः औषध देऊ नकोस, ते काम वैद्याकडे सोपव, असेही त्यात सांगितले आहे. ही चारशे वर्षांपूर्वीची सूचना आहे! पुढे १९९९ साली हा विधी नव्याने लिहिला गेला. आज विधीआधी वैद्यकीय आणि मानसिक तपासणी करून घेण्यावर चर्चचा भर असतो.

१९८३ च्या चर्चच्या कायद्याप्रमाणे कोणाही धर्मगुरूला हा विधी आपल्या मनाने करता येत नाही. त्या भागाच्या बिशपची स्पष्ट परवानगी लागते, आणि ती जाणत्या, विवेकी, सदाचारी धर्मगुरूलाच द्यायची असते. प्रत्यक्ष विधीत मारहाण नाही की धुरी नाही. धर्मगुरू पांढऱ्या झग्यावर जांभळा पट्टा घालतो, पवित्र पाणी शिंपडतो, संतांची नावे घेऊन प्रार्थना म्हणतो, बायबलमधला उतारा वाचतो, डोक्यावर हात ठेवतो आणि क्रूस दाखवतो. आधी देवाला विनवणी करतो, मग दुष्ट शक्तीला निघून जाण्याची आज्ञा देतो. हे गर्दी जमवून, तमाशा करून करायचे नसते. बहुतेक कॅथलिक माणसांना हा विधी जन्मात पाहायला मिळत नाही. बाळाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी एक छोटी संरक्षणाची प्रार्थना असते, तेवढीच त्यांच्या ओळखीची.

प्रार्थनासभा भरवणाऱ्या कित्येक लहान मंडळ्यांत मात्र असे पुस्तक नाही आणि बिशपही नाही. तिथे पास्टर आणि जमलेली मंडळी मोठ्याने प्रार्थना करतात, तेल लावतात, डोक्यावर हात ठेवतात, उपास करतात. त्यामुळे सारी मदार त्या एका पास्टरच्या शहाणपणावर असते. माझ्या भेटीतले पास्टर शहाणे होते. सगळेच तसे भेटतील याची हमी कोण देणार?

नियम होता, तरी मुलगी गेली

नुसता नियम असून भागत नाही, तो पाळावा लागतो. जर्मनीसारख्या पुढारलेल्या देशातले उदाहरण घ्या. ॲनेलिझ मिशेल नावाची एक कॉलेजात शिकणारी मुलगी होती. तिला फेफऱ्याचा आजार होता आणि त्यावर औषध चालू होते. पुढे तिला भास होऊ लागले. तिची आणि घरच्यांची खात्री झाली की हे भूत आहे. १९७५ साली बिशपची परवानगी मिळाली आणि दोन धर्मगुरूंनी विधी सुरू केला. सुमारे दहा महिन्यांत ६७ वेळा तो झाला. त्या काळात डॉक्टर सुटला, पोरीने अन्न टाकले, आणि १ जुलै १९७६ रोजी तेविसाव्या वर्षी ती उपासमारीने गेली. वजन जेमतेम तीस-एकतीस किलो उरले होते. १९७८ साली कोर्टाने आईबाप आणि दोन्ही धर्मगुरू यांना निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्याबद्दल दोषी धरले. मरणाच्या आठवडाभर आधी जरी उपचार मिळाले असते तरी ती वाचली असती, असे तज्ज्ञांनी कोर्टात सांगितले.

त्या आईबापांचे लेकीवर प्रेम नव्हते असे नाही. प्रार्थना चालू झाली म्हणून त्यांनी दवाखाना सोडला, तिथे घात झाला.

आपल्या मेळघाटात

आता आपल्या घराकडे पाहू. लेकराचे पोट फुगले, श्वास लागला की पोटावर तापलेल्या विळ्याचे चटके देतात. याला आपल्याकडे डंबा म्हणतात. २०२५ च्या फेब्रुवारीत चिखलदरा तालुक्यात अवघ्या २२ दिवसांच्या बाळाच्या पोटावर असे ६५ चटके दिल्याचे उघडकीस आले. त्या बाळाला श्वासाचा त्रास होता. श्वासाचा त्रास चटक्याने कसा जाईल? उलट भाजल्याची जखम आणि जंतुसंसर्ग एवढी भर पडते.

"पण साहेब, गुण येतो ना!" असे तुम्ही म्हणाल. गुण का येतो ते सांगतो. फेफऱ्याचा झटका बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतो. तेवढ्या वेळात कोणी कांदा हुंगवला, कोणी चप्पल नाकाशी धरली, कोणी मंत्र म्हटला, तर श्रेय त्याला मिळते. सासरच्या जाचाने घुमू लागलेल्या सुनेकडे चार माणसे लक्ष देऊ लागली की तिचे मन थोडे हलके होते. आजार आणि जाच दोन्ही मात्र जागच्या जागी राहतात.

शेतकरी घरात 'बाहेरचं' म्हणून ज्या गोष्टी समजल्या जातात त्यांतल्या पुष्कळ अशा असतात :

१) फवारणीची विषबाधा : घाम, लाळ, उलटी, स्नायू उडणे आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक होणे. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने कितीतरी शेतकरी आणि शेतमजूर दगावले. विषबाधा झालेल्याचे कपडे काढा, अंग साबणाने धुवा आणि औषधाची बाटली किंवा त्यावरचा कागद बरोबर न्या. उतारा कोणता ते डॉक्टरला त्यावरून कळते.

२) मण्यार चावणे : ही रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते. दाताची खूण पुष्कळदा दिसतही नाही. माणूस पोट दुखते म्हणून उठतो, पापण्या जड होऊन मिटू लागतात, जीभ जड होते. इथे मंत्रात घालवलेला तास जीव घेतो.

३) मेंदूला चढलेला हिवताप : थंडीताप येऊन माणूस बरळू लागतो, ओळख विसरतो.

४) बाळंतिणीचे बिघडलेले मन : बाळंतपणानंतर पहिल्या काही आठवड्यांत झोप उडणे, भलतेसलते बोलणे, बाळाचीच भीती वाटणे. हा आजार आहे आणि तो औषधाने बरा होतो. अशा बाईला एकटी ठेवू नका.

५) फेफरे : झटका आल्यास कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. पाच मिनिटांत थांबला नाही तर ताबडतोब दवाखाना गाठा.

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणे, मारणे, चटके देणे, मिरचीची धुरी देणे हा त्याखाली गुन्हा आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून अडवणे हाही गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आणि दंड पाच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत. मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही बंदी आहे. मात्र घरी, देवळात, मशिदीत किंवा चर्चमध्ये कोणाला इजा न करता केलेली पूजा-प्रार्थना या जादूटोणाविरोधी कायद्यात येत नाही. सरकारने तुमचा देव काढून घेतलेला नाही.

म्हणून माझे सांगणे एवढेच. घरात कोणाला असे काही झाले तर १०८ वर फोन करून गाडी बोलवा. गाव आडवळणी असेल तर मिळेल त्या वाहनाने निघा. मनाच्या आजारासाठी १४४१६ या सरकारी क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. भुमका असो, पडिहार असो की पास्टर, जो तुम्हांला "आधी दवाखाना" म्हणेल तो तुमचा हितचिंतक समजा. जो औषध बंद करा म्हणेल, अन्नपाणी तोडा म्हणेल, बांधा, मारा, डागा म्हणेल, त्याच्या दारातून उठून या, मग तो कोणत्याही देवाचे नाव घेवो.

परतवाड्याजवळ कोठाऱ्याला मिशनचे कुष्ठरोग्यांचे जुने रुग्णालय आहे. कुष्ठरोगालाही एकेकाळी लोक पापाचे फळ समजत. आज गोळ्यांनी तो रोग बरा होतो. शाप म्हणून ज्याला आपण भ्यालो, त्याचे औषध निघाले. उरलेल्या 'बाहेरच्या'चेही तसेच आहे.

त्या पोराकडे मी पुढच्या हंगामात गेलो. पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे आणि तोंडाला फडके बांधून तो वाऱ्याच्या दिशेने फवारणी करत होता. बाप बांधावर बसला होता. मी विचारले, "काय बाबा, भूत पुन्हा आले का?" म्हातारा हसला आणि म्हणाला, "नाही जी साहेब. त्या बाटलीतलं भूत आता बाटलीतच ठेवतो."