विश्लेषण : भौतिकशास्त्राचे व्याख्यान, समोर शाळकरी मुले… एटापल्लीत प्रयोग कशाने करायचा?

प्लास्टिकच्या बाटलीला तळाजवळ छिद्र पाडून पाणी भरले आणि झाकण उघडे ठेवले, की धार लागते. धार चालू असतानाच बाटली उंचावरून सोडून दिली तर? धार वाढेल, तशीच राहील की थांबेल? विद्यापीठाच्या व्याख्यानात मुलांसमोर करून दाखवण्याजोगा हा प्रयोग आहे. खर्च शून्य. पण तो कसा दाखवला जातो, यावर मुलांना काही समजणार की नुसत्या टाळ्या पडणार, हे ठरते.

ही पद्धत कुठून आली?

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनने १८२५ मध्ये मुलांसाठी नाताळची व्याख्याने सुरू केली. त्यातील १९ व्याख्यानमाला एकट्या मायकेल फॅरेडे यांनी गुंफल्या. विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावणारे फॅरेडे स्वतः लोहाराचे चिरंजीव आणि पुस्तकबांधणीच्या दुकानातले उमेदवार. कॉलेजचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते.

महाराष्ट्रात हे काम ठळकपणे केले ते पुणे विद्यापीठाच्या आवारातील ‘आयुका’ने. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी सप्रयोग व्याख्यान, २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनी खुला दिवस आणि जोडीला मुक्तांगण विज्ञान शोधिका. तिथेच अरविंद गुप्ता यांनी वर्षानुवर्षे टाकाऊ वस्तूंपासून विज्ञान खेळणी करून दाखवली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

प्रयोग नुसता पाहिला तर?

इथेच खरी मेख आहे. हार्वर्डमध्ये एरिक माझूर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नुसता प्रयोग पाहिलेले विद्यार्थी, तो न पाहिलेल्यांपेक्षा कारण सांगण्यात फारसे पुढे नव्हते. ज्यांना ‘काय होईल?’ याचा अंदाज आधी नोंदवायला लावला, ते पुढे होते. त्यासाठी लागली ती जेमतेम दोन मिनिटे.

म्हणजे बाटली सोडण्याआधी हात वर करायला लावायचे. धार थांबते. बाटली आणि पाणी एकाच वेगाने खाली येत असल्याने पाण्याचा तळावर दाब पडत नाही. बाटली हातातून सुटून वर जातानाही धार बंदच राहते, आणि हे मात्र बहुतेकांना पटत नाही. न पटलेले मूल दुसऱ्यांदा करून बघते. व्याख्यात्याला हेच तर हवे असते.

एटापल्लीत काय वेगळे?

पुणे इथून आठशे किलोमीटरहून जास्त. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांसाठी २०११ मध्ये स्थापन झालेले गोंडवाना विद्यापीठ गडचिरोलीत आहे, पण तेही शंभर किलोमीटरपलीकडे. त्यामुळे मुलांना सभागृहात नेण्यापेक्षा व्याख्यान आश्रमशाळेत आणणे जास्त व्यवहार्य. शिवाय अनेक मुलांची घरची भाषा माडिया किंवा गोंडी. मराठीतली लांबलचक व्याख्या त्यांना अडवते. पडणारी बाटली अडवत नाही.

आणि एक साहित्य इथे आहे, जे पुण्याच्या सभागृहात सहज मिळणार नाही. सूरजागडचे लोहखनिज. त्याचे ट्रक मुले रोज पाहतात. बिघडलेल्या स्पीकरमधले चुंबक घ्यायचे आणि विचारायचे : खनिजाच्या दगडाला हे चिकटेल का? ‘लोखंडच ते, चिकटणारच’ हे उत्तर अगदी स्वाभाविक. प्रत्यक्षात चुंबक बहुधा चिकटत नाही.

असे का होते?

हे खनिज मुख्यतः हेमेटाइट. त्यात लोखंडाचा प्रत्येक अणू छोट्या चुंबकासारखा वागतो, पण शेजारच्या थरांतील अणूंच्या दिशा जवळपास उलट असल्याने परिणाम एकमेकांना खोडून काढतो. मॅग्नेटाइटमध्ये ही वजाबाकी पूर्ण होत नाही, म्हणून ते जोरात ओढले जाते. एखाद्या दगडात मॅग्नेटाइट मिसळलेले असेल, तर तोही थोडा ओढला जाईल. मग दहा दगड तपासून दोन ढीग करायचे.

मॅग्नेटाइट शोधायला लांब जायला नको. कागदात गुंडाळलेले चुंबक नदीच्या कोरड्या वाळूत फिरवले, की अनेकदा काळे बारीक कण कागदाला लागून येतात. कागद सोडवला की कण खाली पडतात. चुंबक उघडेच फिरवले, तर मात्र ते कण काढता काढता तास संपतो.