रोज दहा मिनिटं पाणी, तरी लॉन मेलं

कॅमडेनमध्ये मी भाड्याने राहायचो त्या घरामागे चाळीस चौरस मीटरचं लॉन होतं, आणि भिंतीवर एक टायमर. रोज सकाळी सातला स्प्रिंकलर सुरू, दहा मिनिटांनी बंद. घरमालकाने लावून दिलेलं सेटिंग. सगळं हिरवंगार दिसायचं, म्हणून आम्ही कधी हात लावला नाही. मग 2022 चा उन्हाळा आला. 19 जुलैला इंग्लंडमध्ये पारा पहिल्यांदाच 40 अंशांवर गेला. 24 ऑगस्टपासून टेम्स वॉटरने होजपाइप बंदी लावली आणि आमचा टायमर बंद झाला. दोनेक आठवड्यांत लॉनमध्ये ठिकठिकाणी टक्कल पडलं. जवळच्या प्रिमरोझ हिलवरचं गवत तर जुलैमध्येच वाळून पेंढा झालं होतं, पण पाऊस येताच ते पुन्हा हिरवं झालं. आमचं झालं नाही. डिपॉझिटमधून पैसे कापले गेले, आणि मी तर मातीतल्या पाण्यावर पीएचडी केलेला माणूस!

गंमत म्हणजे पाणी कमी पडत नव्हतं. तुम्हीही मोजून बघा: लॉनवर पाच-सहा स्टीलच्या वाट्या (उभ्या कडांच्या) ठेवा, स्प्रिंकलर दहा मिनिटं चालवा, पट्टीने पाण्याची उंची मोजा. आमच्याकडे साधारण 3 मिलिमीटर यायचं. लंडनमध्ये जुलैत गवत आणि माती मिळून दिवसाला जवळपास तेवढंच पाणी हवेत सोडतात. म्हणजे हिशेब जुळत होता. चुकत होती ती खोली. 3 मिलिमीटर पाणी वरच्या दोन-तीन सेंटिमीटरच्या खाली जातच नाही. कोरड्या मातीत मूळ वाढत नाही, त्यामुळे सगळी मुळं त्या पातळ थरात बसून राहतात. त्यांना रोजच्या रतिबाची सवय लागते, आणि रतीब बंद झाला की खाली काहीच नसतं.

आपल्याकडच्या शेतकऱ्याकडे यासाठी एक नेमका शब्द आहे: वाफसा. मातीत ओल आहे आणि हवाही आहे, अशी स्थिती. मुळांना दोन्ही लागतं. रोज भिजवलेल्या मातीला वाफसा येतच नाही. म्हणून टायमरचं काम ‘रोज थोडं’ देणं नाही. एकदा खोलवर भिजवायचं, मग माती वाफशावर येऊन वरून सुकू द्यायची, आणि गवत मागेल तेव्हाच पुन्हा द्यायचं. गवत मागतं कसं? रंग निळसर-करडा होतो आणि चालल्यावर पावलांचे ठसे बराच वेळ तसेच राहतात.

उन्हाळ्यात आठवड्याला एकदा 20 मिलिमीटर हा बरा अंदाज आहे. पण ते सलग तासभर सोडू नका. कॅमडेनखाली लंडन क्ले आहे, आपल्या काळ्या मातीसारखीच फुगणारी, आकसणारी आणि भेगाळणारी. ती पाणी सावकाश पिते, जास्तीचं उतारावरून वाहून जातं. म्हणून तीन पाळ्या करा: पहाटे 3 ला वीस मिनिटं, तासभर विश्रांती, पुन्हा वीस, पुन्हा विश्रांती, शेवटची वीस. सहाला संपलं. पहाटे वारा कमी असतो, बाष्पीभवनही कमी, आणि सूर्य वर आला की पाती सुकतात. रात्रभर ओली राहिली की बुरशी धरते. दुसऱ्या दिवशी लांब स्क्रूड्रायव्हर खुपसा. दहा-बारा सेंटिमीटर सहज गेला तर पाणी पोचलं. टायमरमध्ये पावसाचा सेन्सर असेल तर तो चालू ठेवा.

आजवर रोज पाणी दिलं असेल तर एकदम आठवड्यावर उडी मारू नका. एक दिवसाआड, मग तीन दिवसांनी, मग पाच, आणि प्रत्येक वेळी पाणी वाढवत न्या. हे एप्रिल-मेमध्ये करा, कारण इथल्या गवताची मुळं तेव्हा जोमात वाढतात. जुलैच्या उन्हात ती उलट आखडतात.

आता थोडं माझं मत. चाळीस चौरस मीटरवर 20 मिलिमीटर म्हणजे 800 लिटर. लंडनमधला माणूस घरात दिवसाला साधारण 140 लिटर वापरतो. नवं पेरलेलं लॉन असेल तर पाणी द्याच, पण जुनं आणि मुरलेलं असेल तर कडक उन्हाळ्यात त्याला पिवळं पडू द्या. ते मेलेलं नसतं, झोपलेलं असतं. फक्त घरमालकाला आधी एक ईमेल टाकून ठेवा, फोटोसकट.