शून्यमितीय स्फटिकातील हिरवा प्रकाश : त्याचे मूळ कोणते ?

पारिभाषिक संज्ञा वस्तूचा निर्देश करते. परंतु पुष्कळदा ती संशोधकाच्या तर्कालाही नकळत एक दिशा लावते. ‘शून्यमितीय पेरोव्हस्काइट’ ही संज्ञा या दृष्टीने विचारात घेण्याजोगी आहे.

१८३९ साली गुस्ताव्ह रोझे यांनी उरल पर्वतातील एका खनिजास लेव्ह पेरोव्हस्की यांचे नाव दिले. पुढे त्या खनिजासारखी रचना असलेल्या सर्वच पदार्थांना ते नाव लागू झाले. या रचनेचा मूळ घटक अष्टफलक होय. प्रस्तुत संयुगांत त्याच्या मध्यभागी शिशाचा एक अणू व सहा कोपऱ्यांवर ब्रोमीनचे सहा अणू असतात. सीझियम, शिसे व ब्रोमीन यांचे प्रमाण १:१:३ असलेल्या संयुगात हे अष्टफलक कोपऱ्यास कोपरा जोडून तिन्ही दिशांना पसरतात. ४:१:६ या प्रमाणाच्या संयुगात मात्र प्रत्येक अष्टफलक सुटा असतो, म्हणून त्यास ‘शून्यमितीय’ म्हणतात. येथे मिती म्हणजे जोडणीचा विस्तार, स्फटिकाचा आकार नव्हे, हे ध्यानी ठेवले पाहिजे. नखाएवढा स्फटिकही या अर्थाने शून्यमितीय असू शकतो.

ही दोन्ही संयुगे १८९३ पासून, होरेस वेल्स यांच्या कार्यामुळे, परिचित आहेत. शुद्ध ४:१:६ संयुग वर्णहीन असून सुमारे ३१४ नॅनोमीटर तरंगलांबीचे जंबुपार किरण शोषते. अशा पदार्थातून हिरवा प्रकाश निघण्याचे सकृद्दर्शनी कारण नाही. तथापि त्याचे अनेक नमुने सुमारे ५२० नॅनोमीटरचा तेजस्वी हिरवा प्रकाश देतात. हा प्रकाश येतो कोठून ?

१९९९ मध्ये प्राग येथील मार्टिन निकल व त्यांचे सहकारी यांनी त्याचे श्रेय स्फटिकात अडकलेल्या १:१:३ संयुगाच्या सूक्ष्म कणांना दिले. २०१६ मध्ये सौदी अरेबियातील किंग अब्दुल्ला विद्यापीठातील संशोधकांनी निराळा पक्ष मांडला. त्यांच्या नमुन्याची दीप्ति-कार्यक्षमता ४५ टक्के होती, आणि हा गुण त्यांनी शून्यमितीय रचनेचाच मानला. पुढे ब्रोमीनचा अणू गळून राहिलेली रिक्त जागा हे दीप्तिकेंद्र असावे, असेही प्रतिपादन झाले. क्ष-किरण परीक्षेत १:१:३ संयुगाचा मागमूस न लागणे हा या पक्षाचा मोठा आधार होता.

परंतु अत्यल्प प्रमाणातील सूक्ष्म कण त्या परीक्षेत सहज निसटतात. म्हणून न आढळणे म्हणजे नसणे, असा निष्कर्ष काढता येत नाही. उलट पक्षी तीन गोष्टी महत्त्वाच्या ठरतात. पहिली, हा हिरवा रंग १:१:३ संयुगाच्या सूक्ष्म कणांच्या प्रकाशाशी जुळतो. दुसरी, ४:१:६ संयुगाचे हिरवा प्रकाश मुळीच न देणारे नमुनेही तयार करता आले आहेत. प्रकाश रचनेचाच गुण असता, तर तो त्यांतही दिसावयास हवा होता. तिसरी, अशा निस्तेज कणांस पाण्याचा स्पर्श झाला की सीझियम ब्रोमाइड विरघळून जाते, मागे १:१:३ संयुग उरते, आणि हिरवी दीप्ति प्रकट होते. थरांची रचना असलेल्या १:२:५ संयुगाबाबतही असाच वाद झाला. त्याचेही शुद्ध स्फटिक हिरवा प्रकाश देत नाहीत.

एक शंका उरते. १:१:३ संयुगाचे मोठे स्फटिक सामान्य तापमानास मंद प्रकाश देतात, मग त्याचे अंतर्भूत कण एवढे तेजस्वी का ? याचे कारण असे की सूक्ष्म कणात शोषित ऊर्जेचे वाहक एकमेकांपासून दूर जाऊ शकत नाहीत. शिवाय भोवतीचा ४:१:६ स्फटिक त्या कणाच्या पृष्ठावरील दोष झाकतो व त्याला वेष्टनाप्रमाणे जपतो.

या वादात व्यावहारिक प्रश्नही गुंतलेला आहे. दिवे वा चित्रपडदे यांसाठी हा पदार्थ घडविताना रिक्त जागा वाढवावयाच्या, की अंतर्भूत कणांचे आकारमान राखावयाचे, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे. उपलब्ध पुराव्याचा कल कणांच्या बाजूस आहे. तो मान्य केल्यास असे म्हणावे लागते की, ज्या प्रकाशास ‘शून्यमितीय’ स्फटिकाचा प्रकाश म्हटले गेले, तो वस्तुतः त्याच्या पोटातील त्रिमितीय संयुगाचा आहे. नाव आधाराचे पडले, तेज आश्रिताचे होते.