कोलामीला व्याकरण नाही म्हणे!

बारावीचा निकाल लागला की किनवटच्या ऑनलाइन सेवा केंद्रांवर अर्ज भरायला झुंबड उडते. बी.एस्सी., नर्सिंग, डी. फार्मसी, आयटीआय. या गर्दीत एखाद्या मुलीने ‘मला भाषा घेऊन बी.ए. करायचंय’ असं म्हटलं की शेजारचा हमखास विचारतो, “का गं, सायन्सला नंबर नाही लागला का?” हा टोमणा आता इतका गुळगुळीत झालाय की कुणी मनावर घेत नाही. त्याच्या मागून येणारं वाक्य मात्र जास्त चिवट आहे. मुलगी गोंड किंवा कोलाम घरातली असली तर तिला सल्ला मिळतो, “भाषाच शिकायची तर जर्मन शिक, जपानी शिक. तुमचं ते घरातलं बोलणं म्हणजे नुसती बोली. तिला ना व्याकरण, ना लिपी. विद्यापीठात तिचं काय करणार?”

हे वाक्य शाळेच्या स्टाफरूममध्ये ऐकू येतं, तहसीलच्या आवारात येतं आणि शिकून नोकरीला लागलेल्या गोंड-कोलाम कुटुंबांतही येतं. बोलणाऱ्याचा आवाज असा ठाम असतो, जणू हे कुणी तपासून पाहिलंय. तपासणाऱ्यांनी तर शंभर वर्षांपूर्वीच उलटा निकाल दिला आहे.

जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा सातवा खंड १९०५ साली निघाला. तो मराठीचा. पुढच्याच वर्षी चौथा खंड निघाला, मुंडा आणि द्राविडी भाषांचा. दोन्ही खंडांचं काम स्टेन कोनो या नॉर्वेजियन पंडिताने केलं होतं. म्हणजे मराठी आणि तिच्या साऱ्या बोली एका हाताशी, गोंडी आणि कोलामी दुसऱ्या हाताशी, अशी सामग्री एकाच माणसासमोर होती. त्याने गोंडी-कोलामीला मराठीच्या खंडात जागा दिली नाही. त्या चौथ्या खंडात, तमिळ, तेलुगू, कन्नडच्या पंगतीत बसवल्या. निजामाचं राज्य या सर्वेक्षणाच्या कक्षेत नव्हतं, त्यामुळे किनवटचं बोलणं त्यात आलं नाही. कोलामीचे नमुने वऱ्हाडाकडून आले. पण भाषा तीच.

कोलामी ही मराठीची बिघडलेली आवृत्ती आहे, ही समजूत इथेच निकालात निघते. गोंडी ‘रंड, मुंड, नालुंग’ असं मोजते आणि तेलुगू ‘रेंडु, मूडु, नालुगु’. हे नातं आदिलाबादच्या बाजारात तेलुगू ऐकणाऱ्या कुठल्याही किनवटकराला पुस्तकाशिवाय कळावं. आणखी एक गंमत अशी, की गोंडी आणि कोलामी या दोघीही एकमेकींच्या बोली नाहीत. भाषाशास्त्रज्ञ गोंडीला तेलुगूच्या बाजूच्या शाखेत ठेवतात, कोलामीला नायकी, परजी, गदबा यांच्यासोबत मध्य द्राविडी शाखेत. शेजारशेजारच्या गुड्यांत राहणारे गोंड आणि कोलाम अनेकदा एकमेकांशी मराठीत किंवा तेलुगूत बोलतात, ते यामुळे.

आता व्याकरणाकडे येऊ, कारण सगळा रोख त्याच्यावर आहे.

मराठीत दोन पुरुष असले तर ‘दोघे’, दोन बायका असल्या तर ‘दोघी’ आणि दोन बैल असले तर ‘दोन’. हे आपल्याला इतकं अंगवळणी पडलंय की त्यात विशेष काही वाटत नाही. कोलामीत दोन पुरुषांना ‘इद्दर’, दोन स्त्रियांना ‘ईरल’ आणि बाकी सगळ्याला ‘इंदिंग’. तीन आणि चारलाही असेच तीन-तीन शब्द. शाळेचं तोंड न पाहिलेली कोलाम आजी यात चुकत नाही, आणि चार वर्षांच्या नातवाने चुकवलं तर ती त्याला टोकते. याला व्याकरण म्हणत नसतील, तर कशाला म्हणतात? पुस्तकात छापलेला नियम म्हणजे व्याकरण, अशी शाळेने करून दिलेली समजूत आहे. माणसं नियमाने बोलतात म्हणून तो नियम लिहिता येतो. आणि जे कुणी लिहून काढलं नाही ते अस्तित्वातच नाही, असा न्याय लावायचा तर लीळाचरित्राच्या काळातल्या मराठीलाही व्याकरण नव्हतं म्हणावं लागेल.

बरं, कोलामीचं व्याकरण कुणी लिहिलं नाही, हेही खोटंच. ते लिहिणाऱ्यांत एक तर लातूर जिल्ह्यातला माणूस आहे.

सेतुमाधवराव पगडी १९१० साली निलंग्याला जन्मले. शिवकालाचे अभ्यासक आणि फारसी-उर्दूचे जाणकार म्हणून मराठी वाचक त्यांना ओळखतो. हैदराबाद संस्थानात ते सरकारी अधिकारी होते. आदिलाबादच्या गोंड-कोलामांमध्ये काम करताना ते त्यांच्या भाषा शिकले. १९५० साली त्यांचं कोलामीचं व्याकरण प्रसिद्ध झालं आणि १९५४ साली गोंडीचं. तेव्हा किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्यातच होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याने किनवट तालुका आणि बोथ तालुक्यातलं इस्लापूर सर्कल मराठवाड्यासोबत मुंबई राज्यात आलं. त्याच कायद्याने निलंगाही बिदर जिल्ह्यातून इकडे आला. निलंग्याच्या माणसाने किनवटच्या भाषांचं व्याकरण लिहिलं, ही गोष्ट मराठवाड्यातल्या किती पदवीधरांच्या कानावर आहे?

दुसरा माणूस सातासमुद्रापलीकडचा. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे मरे एमेनो १९३० च्या दशकात वर्धा जिल्ह्यात कोलामांच्या वस्तीत बसून शब्द, वाक्यं, गोष्टी टिपून घेत होते. त्यातून १९५५ साली त्यांचा कोलामीवरचा ग्रंथ निघाला. पुढे टी. बरो यांच्यासोबत त्यांनी द्राविडी भाषांचा व्युत्पत्तिकोश केला, तो १९६१ चा. त्या कोशात तमिळ, कन्नड शब्दांच्या ओळीत कोलामी शब्द मानाने उभे आहेत. एमेनोंचा सर्वांत गाजलेला सिद्धांत असा, की भारतातल्या वेगवेगळ्या कुळांतल्या भाषा शतकानुशतकं शेजारी नांदल्या आणि एकमेकींसारख्या होत गेल्या. मराठीतला ‘आपण’ आणि ‘आम्ही’ हा भेद, म्हणजे ऐकणाऱ्याला धरून आणि वगळून, अशाच द्राविडी शेजारातून आला असावा, असं अनेक अभ्यासक मानतात. ज्या भाषेला ‘नुसती बोली’ म्हणून हिणवायचं, तिच्या भाऊबंदांकडून मराठीनेच उसनवारी केलेली असावी, हे सांगितलं की समोरचा सहसा विषय बदलतो.

आणि मग लिपी काढतो. लिपीचं उत्तर थोडक्यात देता येतं. लिपी हा भाषेचा अंगरखा आहे. कोकणी पाच लिप्यांत लिहिली जाते, इंग्रजी रोमनांकडून घेतलेल्या अक्षरांत, आणि मराठीचं दप्तर शेकडो वर्षं मोडीत होतं. गोंडीकडे तर स्वतःच्या दोन लिप्या आहेत. एक मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ साली तयार केलेली. दुसरीची हस्तलिखितं आदिलाबाद जिल्ह्यातल्या गुंजाळा गावात सापडली, हैदराबाद विद्यापीठाच्या अभ्यासकांनी ती वाचण्याचं काम केलं. मसराम गोंडी २०१७ साली युनिकोडमध्ये आली, गुंजाळा गोंडी २०१८ साली. मोबाइलवर गोंडी लिहिण्याची सोय झाली आहे, पण ‘लिपी नाही’ हे वाक्य काही थांबलेलं नाही.

“बरं, भाषा असेल. पण विद्यापीठात कोण शिकवतं?” रांची विद्यापीठात आदिवासी आणि प्रादेशिक भाषांचा स्वतंत्र विभाग चार दशकांहून अधिक काळ चालू आहे. तिथे मुंडारी, संथाळी, हो, खडिया आणि कोलामीच्याच द्राविडी कुळातली कुडुख या भाषांत एम.ए. होतं. तो विभाग उभा करणारे रामदयाळ मुंडा स्वतः मुंडारी घरातले. शिकागो विद्यापीठात भाषाशास्त्राची पीएच.डी. करून ते परत आले आणि पुढे त्याच रांची विद्यापीठाचे कुलगुरू झाले. नेटच्या परीक्षेतही आदिवासी आणि प्रादेशिक भाषा-साहित्य हा विषय आहे. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात, जे १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झालं, भाषा, वाङ्मय आणि संस्कृती अभ्यास संकुल आहे. नावातच तिन्ही शब्द आहेत. त्या विद्यापीठाच्या हद्दीत, किनवट तालुक्यात, गोंडी, कोलामी, बंजारा, तेलुगू, उर्दू आणि मराठी एकाच आठवडी बाजारात ऐकू येतात. असा तालुका बाहेरच्या विद्यापीठांना पैसे मोजूनही मिळणार नाही, आणि आपल्याकडे तो ‘मागास’ या एका शब्दात उरकला जातो.

भाषा विषय म्हणजे कविता पाठ करणं, हा असाच एक समज. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याचं काम बरंचसं प्रयोगशाळेच्या वळणाचं असतं. शे-दोनशे मूळ शब्दांची यादी घ्यायची: डोळा, पाणी, आई, आग, दोन. बोलणाऱ्याकडून प्रत्येक शब्द दोन-तीनदा म्हणवून ध्वनिमुद्रित करायचा. मग ‘माझा हात, तुझा हात, आमचे हात’ असं पुढे सरकायचं आणि कुठला तुकडा बदलतो ते पाहायचं. संगणकावर आवाजाचा आलेख काढून स्वर लांब की आखूड हे मोजायचं. संस्कृतीचा अभ्यासही यातच येतो. नात्यांची नावं विचारल्याशिवाय लग्नसंबंधांचे नियम कळत नाहीत.

परदेशी भाषा म्हणजे पुण्या-मुंबईच्या पोरांची मक्तेदारी, हेही एकदा झटकून टाकावं. हैदराबादच्या इंग्रजी आणि परदेशी भाषा विद्यापीठात जर्मन, फ्रेंच, रशियन, स्पॅनिश, अरबी, जपानी शिकवतात, आणि ते केंद्रीय विद्यापीठ आहे. तेलुगू कानावर घेऊन वाढलेल्या किनवटच्या मुलाला हैदराबाद पुण्याहून परकं वाटण्याचं कारण नाही.

‘नुसती बोली’ हा शिक्का बंजारावरही बसतो. बंजारा ही हिंदीची बोली असल्याचं सरकारच सांगतं, असा दाखला काही जण देतात. सांगतं खरं. २०११ च्या जनगणनेत लमाणी-लंबाडी (म्हणजे बंजाराच) हिचे ३२ लाखांहून अधिक आणि बंजारीचे १५ लाखांहून अधिक भाषक हिंदीच्या बेरजेत धरले गेले. पण तो रकान्यांचा हिशेब झाला. ग्रिअर्सनने बंजारीला भिल्ली आणि खानदेशीसोबत वेगळ्या भागात ठेवलं होतं.

बोलणारे थोडे म्हणून शिकवत नाहीत, असं म्हणणाऱ्यांना एकच आकडा पुरे. त्याच जनगणनेत संस्कृत मातृभाषा सांगणारे २४,८२१ होते आणि कोलामी सांगणारे सुमारे १ लाख २८ हजार.

मशीन भाषांतर आल्यावर भाषा शिकणाऱ्यांची गरज संपली, हे नवं पिल्लू. केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाने २०२५ मध्ये ‘आदि वाणी’ हे भाषांतराचं साधन आणलं. सुरुवातीला त्यात संथाळी, मुंडारी, भिल्ली आणि गोंडी होत्या, कोलामी नव्हती. यंत्राला भाषा शिकवायची तर आधी कुणीतरी वाक्यं गोळा करून तपासावी लागतात, आणि ते काम ती भाषा जाणणाऱ्या, शिकलेल्या माणसाचंच आहे.

नोकरीचा प्रश्न मात्र गैरसमज म्हणून उडवून लावता येत नाही. महाविद्यालयांत भाषेचे पीएच.डी. झालेले लोक तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं राबतात, हे उघड आहे. भाषा घेतली की नोकरी ठेवलेलीच, असं कुणी सांगत असेल तर तोही थापाच मारतोय. पण ‘मास्तरकीशिवाय काही नाही’ हेही खरं नाही. बँकांत राजभाषा अधिकारी लागतात, सरकारी खात्यांत अनुवादक लागतात. शिवाय प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याची सोय करावी असं संविधानाचं कलम ३५० क सांगतं. त्यावर सीमेपलीकडे काम झालेलं आहे. २००४ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशाने आठ आदिवासी भाषांत प्राथमिक शिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. त्या आठांत गोंडी होती, कोलामीही होती. पुस्तकं तेलुगू लिपीत निघाली. आदिलाबादच्या कोलाम मुलाला जे पुस्तक मिळू शकलं, ते किनवटच्या कोलाम मुलाला का नाही, याचं उत्तर भाषेच्या दर्जात सापडणार नाही. अशी पुस्तकं लिहायला दोन्ही भाषा जाणणारी पदवीधर माणसं लागतात, आणि आपण त्यांना प्रवेशाच्या रांगेतच परतवून लावतो.

तेव्हा घरात गोंडी, कोलामी किंवा बंजारा बोलणाऱ्या वाचकांना दोन गोष्टी सांगायच्या. मुलीने भाषा विषय मागितला तर तिला अडवू नका. आणि १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख धरून होणाऱ्या जनगणनेसाठी प्रगणक दारात येईल, तेव्हा मातृभाषेच्या रकान्यात शेजारच्यांचं पाहून ‘मराठी’ सांगू नका. आई ज्या भाषेत बोलत आली तीच सांगा, आणि त्याने तीच लिहिली का ते पाहून घ्या. तुम्ही सांगाल ते जसंच्या तसं लिहिणं हे त्याचं काम आहे.