पाच टक्क्यांची गल्ली

पैसा परत यावा आणि गरिबाचे भलेही व्हावे, या खटाटोपाला ‘इम्पॅक्ट इन्व्हेस्टिंग’ हे भारदस्त नाव २००७ साली इटलीतल्या बेलाजिओ इथल्या एका बैठकीत मिळाले. उद्योग मात्र जुनाच. व्हिक्टोरियन लंडनमध्ये त्याला ‘पाच टक्क्यांचा परोपकार’ म्हणत. सिडनी वॉटरलो या गृहस्थाने १८६३ साली त्यासाठी घरे बांधणारी कंपनीच काढली होती. पण कंपन्यांचे ताळेबंद बाजूला ठेवून लंडनच्याच मेरिलिबन भागातल्या तीन मोडक्या घरांकडे वळावे, हे बरे.

गल्लीचे नाव पॅरडाइज प्लेस. स्वर्ग फक्त नावातच.

१८६५ साली या घरांचा भाडेपट्टा जॉन रस्किनने साडेसातशे पौंडांना घेतला. गांधीजींना १९०४ साली जोहान्सबर्ग-डर्बनच्या आगगाडीत रात्रभर जागे ठेवणाऱ्या ‘अनटू धिस लास्ट’चा लेखक तो हाच. शेरीचा व्यापार करणारे वडील आदल्याच वर्षी वारले होते आणि बक्कळ इस्टेट हाती आली होती. घरे चालवायला दिली ऑक्टेव्हिया हिल या तरुणीकडे. ती त्याच्यासाठी चित्रांच्या नकला करून पोट भरत असे. अट एकच: घातलेल्या पैशांवर वर्षाला पाच टक्के सुटले पाहिजेत. रस्किनला त्या पैशांची गरज नव्हती. पण आकडा जमला तरच दुसरे पैसेवाले पुढे येतील, हा हिशेब होता.

बाईंनी तो जमवला. दर आठवड्याला त्या स्वतः दारोदार भाडे वसूल करत. पुढे मदतीलाही बायकाच घेतल्या. दर घराच्या दुरुस्तीसाठी वर्षाची रक्कम ठरलेली असे. मोडतोड कमी झाली, तर उरलेल्या पैशांतून काय करायचे हे भाडेकरूंनी ठरवायचे. साहजिकच खिडकीची काच फुटली, की डोळे वटारायला शेजारीच तयार! काम सुटलेल्या भाडेकरूला दुरुस्तीचे काम मिळे, थोरल्या मुलींना जिने-बोळ घासण्याचे पैसे.

भाडे थकवणाऱ्याला मात्र घर सोडावे लागे. इथेच या योजनेची मेख होती. पाच टक्के आठवड्याच्या वसुलीतून निघत. म्हणजे ज्याची मजुरी नियमित, त्याचाच निभाव लागे. अगदी तळातला माणूस या हिशेबात बसतच नव्हता. तरीही सरकारी मदतीच्या घरांना बाईंचा विरोध शेवटपर्यंत टिकला. तो हेकाच म्हणावा लागेल.

पुढे दोघांचे फाटले. रस्किनने ‘सेंट जॉर्ज गिल्ड’ नावाची आदर्श वसाहतींची योजना काढली होती. व्यवहार रस्किनला जमत नाही, असे बाई कुणापाशी तरी बोलल्या आणि ते त्याच्या कानी गेले. १८७७ साली जाब विचारणारी पत्रे सुरू झाली. बाईंनी शब्द मागे घेतला नाही. रस्किनने सगळा पत्रव्यवहार १८७८च्या फेब्रुवारीत आपल्या ‘फोर्स क्लाव्हिजेरा’ या पत्रमालेत छापून टाकला; त्याच महिन्यात त्याचे मानसिक संतुलन ढासळले. गंमत अशी, की एव्हाना कुठलेही व्याज म्हणजे पापच, या मताला तो येऊन पोहोचला होता. पाच टक्क्यांची अट घालणारा तोच!

बाईंचे काम वाढतच गेले. १८८४ पासून लंडनच्या सदर्क भागातली चर्चच्या मालकीची घरेही त्यांच्याकडे आली. पॅरडाइज प्लेसला आता गार्बट प्लेस म्हणतात. तिथल्या घरावर निळी पाटी आहे. ‘गृहसुधारक’ ऑक्टेव्हिया हिलने आपले काम इथे सुरू केले, असे ती सांगते. साडेसातशे पौंड घालणाऱ्याचे नाव तिच्यावर नाही.