जुन्या जावाचें हरवलेलें तेल

मैसूरच्या कारखान्यांत १९६१ पासून तयार झालेल्या जावा मोटारसायकली कांहीं घरांत अद्याप जपलेल्या आढळतात. अशा गाडीच्या गिअरपेटींतलें तेल खालीं थेंबही न सांडतां घटूं लागावें आणि सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर निघावा, तर तेल जातें कोठें?

दट्ट्या वर जातांना क्रँककेसमध्यें ओढ उत्पन्न होते. डावीकडील ऑइल सीलचा रबरी ओठ कालांतरानें ताठरला, कीं तो दांड्याला बिलगत नाहीं. मग पेटींतलें तेल आंत ओढलें जाऊन जळतें.

जुन्या सीलची दिशा पाहून नवें सारख्या दाबानें सरळ बसवावें. मात्र त्यापूर्वीं दांड्यावर नख फिरवावें. चर लागल्यास आधीं दांडा दुरुस्त करावा. नाहींतर नवें सीलही लवकरच निकामी होईल.