रोल्स-रॉइसही डुलायची! मग गाडीचा प्रवास आरामाचा कसा झाला?

परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे निघालं आणि गतिरोधक आला, की आधी गाडीचं तोंड वर जातं, मग मागची बाजू. 1930 च्या आसपास महागड्या गाड्या यानंतरही बराच वेळ पुढे-मागे डुलत राहायच्या. मागे बसलेल्याला मळमळायचं.

दोष होता स्प्रिंगमध्ये, म्हणजे गॅरेजच्या भाषेत पाट्यांमध्ये. स्टिअरिंग नीट राहावं म्हणून पुढचे पाटे कडक ठेवत आणि मालक मागे बसतो म्हणून मागचे मऊ. कडक पाटा भरभर हलतो, मऊ पाटा सावकाश. दोघांचा ताल जुळायचाच नाही.

रोल्स-रॉइसमधला इंजिनिअर मॉरिस ओली 1930 मध्ये अमेरिकेत कॅडिलॅककडे गेला. त्याने पुढे-मागे वजनं सरकवता येतील अशी एक गाडी बनवली आणि माणसं बसवून ती फिरवली. उत्तर उलटं निघालं: पुढची स्प्रिंग मागच्यापेक्षा मऊ हवी! मागची बाजू उशिरा उसळते, पण भरभर हलून पुढच्या बाजूला गाठते. मग दोन्ही टोकं एकदमच खाली येतात.

पण पुढे अखंड एक्सल आणि मऊ स्प्रिंग असली, की चाकं थरथरायची. म्हणून पुढचं प्रत्येक चाक वेगळं टांगलं. 1934 च्या कॅडिलॅकमध्ये हे आलं, 1936 मध्ये रोल्स-रॉइसच्या फँटम-3 मध्येही.

पिकअपला मात्र मागे आजही पाटेच असतात. संत्र्याच्या भरलेल्या कॅरेटांचं वजन पेलायला ते कडक लागतात, म्हणून रिकामी पिकअप जास्त उडते.